कानाने सिनेमा बघणाऱ्या मावशी

"ही खरी रडत न्हाय. नुसतं नाक वढती."

भिंतीपलीकडून असा निकाल आला की आम्ही सगळे टीव्हीकडे नव्याने बघायचो. पडद्यावर मालिकेतली सून उशीत तोंड खुपसून हुंदके देत असायची, आमच्यातल्या एकदोघांचा घास हातातच थांबलेला असायचा, आणि मावशींनी तिला नापास करून टाकलेलं असायचं. बरं, मावशींनी तिला पाहिलेलंही नसायचं. टीव्ही होता बाहेरच्या खोलीत, आम्हा जेवणाऱ्यांच्या समोर. मावशी आत शेगडीपाशी, आणि मध्ये भिंत.

बारामतीला लागून असलेल्या जळोचीत त्यांची मेस होती. बाहेरच्या खोलीत चार लोखंडी टेबलं, आतल्या खोलीत स्वयंपाक, आणि मधल्या भिंतीला ताट सरकेल एवढी खिडकी. मी तेव्हा बारामतीत माती-पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. एकटाच राहायचो, त्यामुळे दोन्ही वेळा ताट मावशींकडेच. माझ्यासारखे आणखी वीसेक जण होते. कंपन्यांमधले कामगार, कॉलेजची पोरं, आणि सगळ्यांच्या आधी येऊन रिमोट बळकावणारा एक वेल्डर.

मावशी मूळच्या शेळगावच्या. नवरा गेल्यावर एकुलत्या लेकीच्या शिक्षणासाठी त्या बारामतीला आल्या आणि हाताला जे येत होतं त्यावर घर उभं केलं. मालिका लागायच्या सात ते साडेनऊ, आणि जेवणाची गर्दीही नेमकी तेव्हाच. त्यामुळे कित्येक वर्षांत त्यांनी एकही मालिका धड पाहिली नव्हती आणि एकही चुकवली नव्हती. बाईंचं सगळं कानाने चालायचं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना सिनेमातलं सगळं कळतं आणि ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्यांचं जेवण पचत नाही. पण त्यांतले बहुतेक सोफ्यावर बसून बोलतात. मावशींना मी कधी बसलेलं पाहिलंच नाही. हाताला काम आणि पायाला भिंगरी. जेवायच्यासुद्धा उभ्यानेच. मालिकेत काही रंगात आलं की त्यांच्या भाकरी थापण्याचा वेग वाढायचा, आणि भाकरीच्या आकारावरून त्या दिवशीचा भाग कसा झाला हे मला कळू लागलं होतं.

"खरं रडताना माणूस आधी गप होतं," त्या सांगायच्या. "श्वास अडकतो, मग आवाज फुटतो. हिचा आवाज आधी आन् श्वास मागनं."

एका मालिकेवर त्यांचा विशेष राग होता. मोठं घर, रोज कुणाचं तरी लग्न नाहीतर बारसं. "आठ वर्षं झाली ही मालिका चालली हाय," मावशी खिडकीतून ताट सरकवत म्हणाल्या, "पण त्या घरात एकदा फोडणीचा आवाज ऐकला न्हाय मी. खात्यात तरी काय ही माणसं?"

"मावशी, त्यांचं डाएट असतं," वेल्डर म्हणाला.

"मग ती सासू एवढी वरडती कशाच्या जिवावर?"

त्या दिवसापासून मी ती मालिका बघताना फोडणीची वाट बघू लागलो. नाहीच आली.

गाण्यांच्या बाबतीत तर त्या अजून कडक. गाण्याची स्पर्धा लागली की परीक्षक पडद्यावर डोळे पुसायचे आणि मावशी आतून म्हणायच्या, "टाळ्या बघा. गाणं संपायच्या आधीच वाजल्या. सांगून ठेवलेल्या हायत." एका मुलीचा आवाज मात्र त्यांना आवडला होता. "गळा बरा हाय, पण श्वास पुरत न्हाय. हिला चार महिनं रानात न्या आन् लांबच्या गड्याला हाळी घालायला लावा. आपसूक येईल." ती मुलगी पुढच्याच आठवड्यात बाद झाली, श्वास पुरला नाही म्हणूनच. वरातीतल्या दणदणाटी गाण्यांना मात्र त्या गाणं मानायलाच तयार नव्हत्या. ते कानानं ऐकायचं नसतं, बरगडीनं ऐकायचं असतं, असं त्यांचं मत होतं. बातम्यांच्या चॅनेलवरची चर्चा लागली की त्या तवा आपटायच्या. त्याने भाकरी करपते म्हणे.

सगळ्यात मोठा वाद झाला तो दक्षिणेकडच्या, हिंदीत केलेल्या मारामारीच्या सिनेमांवरून. एका रविवारी दुपारी लागोपाठ दोन लागले होते. दुसरा सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील, आतून आवाज आला, "ह्यो बाबा तर आत्ताच पोलीस व्हता. आता डाक्टर झाला व्हय? शिकला कधी?"

"मावशी, तो वेगळा हीरो. हा वेगळा," मी म्हणालो.

"सर, माणूस त्योच हाय."

मी उठून खिडकीपाशी गेलो आणि सविस्तर समजावलं. पहिल्याला दाढी होती, दुसऱ्याला नाही. पहिला सावळा, दुसरा गोरा. त्या भाकरी उलथत ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमी तोंड बघताय." मग कॉलेजच्या एका पोराने मोबाइलवर शोधून काढलं. दोन्ही हीरोंना हिंदीत आवाज देणारा माणूस एकच होता. मी माझ्या ताटाकडे परत आलो. डबिंग म्हणजे काय हे त्या दिवशी पोराने मावशींना समजावून सांगितलं, आणि त्यांना त्याचं फार नवल वाटलं. "म्हंजी तोंड एकाचं आन् बोल दुसऱ्याचं," त्या दोन-तीनदा स्वतःशीच म्हणाल्या.

वेल्डर मनाने चांगला. मावशींना टीव्ही दिसत नाही म्हणून त्याला वाईट वाटायचं. त्याने कुठूनसा एक मोठा आरसा आणला आणि खिडकीसमोर असा टांगला की शेगडीपाशी उभं राहून पडदा दिसावा. दोन दिवस मावशींनी एक शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी आरशावर फडकं. "तोंड बघितलं की ऐकू यायचं बंद होतंय," एवढंच म्हणाल्या. वेल्डर जरा हिरमुसला.

लेकीबद्दल सांगितलंच पाहिजे. मी मेसला लागलो तेव्हा ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती, आणि तोंडाने आईच्या वरताण. आई एका मालिकेला नावं ठेवतेय तोवर ती आईला नावं ठेवायची. सात वाजल्यापासून आत दोघींची जुंपलेली असायची, आणि खरं सांगायचं तर आम्ही टीव्हीपेक्षा तेच जास्त ऐकायचो. ती कामाला लागली तरी बोलायची, जेवताना बोलायची, वेणी घालताना तोंडात रिबिन धरूनसुद्धा बोलायची.

मग स्थळ आलं. इंदापूरच्या पुढची वस्ती, डाळिंबाची बाग, दोन मजली घर, एकुलता मुलगा. बैठकीत चार माणसांसमोर मुलाकडच्यांनी सांगितलं, शिक्षण अर्धं राहू देणार नाही, दुसऱ्या वर्षाला आम्हीच घालू. मावशींना तेवढंच हवं होतं. लग्नात मी आणि वेल्डरने पंगतीत वाढलं.

लेक गेल्यावर रोज चारच्या सुमाराला तिचा फोन यायचा. सुट्टीच्या दिवशी मी चहाला तिथेच असायचो. मावशी फोन कानाला लावून ओट्यापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायच्या. दोन मिनिटांत फोन संपायचा. मला आधी वाटलं, नवी नवरी, घाईत असेल.

लग्नाला चार-पाच महिने झाले असतील. फोन ठेवून मावशी माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"सर, हे डबिंग हाय."

"कशाचं?"

"माझ्या पोरीचं. तोंड तिचं, बोल दुसऱ्याचं. रोज एकाच चालीत. जेवले, बरी हाय, सगळी चांगली हायत, तू काळजी करू नको. श्वास घ्यायची जागासुदिक तीच. आन् फोन तिच्या कानाला नसतो. मोकळा ठिवलेला असतो, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मागं बांगड्या वाजत्यात. त्या तिच्या न्हायत."

"कॉलेजचं काय म्हणाली?"

"इचारलं की फोन कट हुतो."

आता मी काय म्हणालो ते सांगतो, कारण ते लपवून हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मी हसलो. म्हणालो, "मावशी, मालिका जरा कमी ऐका. खऱ्या घरांत असं काही नसतं." त्यांनी पदराने हात पुसले, दोनदा पुसले. मला जरा वाईट वाटलं, म्हणून मी वर शहाणपणा जोडला. "कानाने काय कळणार? एकदा जाऊन डोळ्यांनी बघून या. मनाचं समाधान तरी होईल."

त्या गेल्या. आदल्या दिवशी लेकीच्या सासरी निरोप धाडून गेल्या, पाहुणेरावळे जातात तसं. दुसऱ्या संध्याकाळी परत आल्या त्या डाळिंबांची पेटी घेऊन. प्रत्येकाच्या ताटात एकेक डाळिंब ठेवलं. लेकीला नवी साडी होती, अंगावर दागिने होते, जेवायला पुरणपोळी होती. सासूने पाठीवरून हात फिरवून सांगितलं, आमची लेकच हाय ही. लेक हसत होती. कॉलेजचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

"डोळ्यानं बघितलं," मावशी म्हणाल्या. "सगळं चांगलं हाय."

"बघा, मी सांगत नव्हतो?" मी म्हणालो आणि डाळिंब फोडलं.

त्यानंतर आतून आवाज येणं बंद झालं. मालिकेतली सून रडायची, हीरो पोलिसाचा डॉक्टर व्हायचा, टाळ्या गाण्याच्या आधी वाजायच्या, पण खिडकीतून फक्त ताटं यायची. वेल्डर मुद्दाम खोडी काढायचा, "मावशी, ही खरी रडतेय का हो?" "आसंल," त्या म्हणायच्या. भाकऱ्या करपायला लागल्या. त्या मात्र आधीपेक्षा जास्त फिरायच्या. भांडं उचलायचं, परत ठेवायचं, दाराशी जायचं, परत यायचं. त्यांची ती येरझार ऐकून मलाही जेवण गोड लागेना, आणि का ते मला कळत नव्हतं. किंवा कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं.

असे दोन महिने गेले. मग एका सकाळी प्रयोगशाळेत कळंबकडचा एक शेतकरी माती तपासायला घेऊन आला. पिशवीत काळीभोर, भुसभुशीत, वास घ्यावा अशी माती. मी विचारलं, "कुठनं घेतली?"

"हिरीजवळच्या वाफ्यातली. सगळ्यात भारी हाय बघा," तो अभिमानाने म्हणाला.

ही चूक आमच्याकडे निम्मे लोक करतात. नमुना घ्यायचा तर सगळ्या रानात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणची माती घ्यायची, ती एकत्र करायची. पण माणसांना वाटतं, साहेबासमोर न्यायची तर चांगलीच न्यावी. जणू मातीचं लग्न जमवायचंय. मी नेहमीसारखा चिडलो. "एका चांगल्या कोपऱ्यातली माती आणून सगळ्या रानाचा अंदाज कसा येणार? तुम्हाला कळायला पाहिजे, तुम्ही..."

मी पिशवी टेबलावर ठेवली. आदल्या दिवशी निरोप धाडून गेलेल्या मावशी, नवी साडी, पुरणपोळी. मीच त्यांना विहिरीजवळचा वाफा बघायला पाठवलं होतं, आणि तो बघून त्या आपल्या कानांना खोटं ठरवून आल्या होत्या.

मी अर्धी रजा टाकली आणि सरळ मेसवर गेलो. दुपारची जेवणं अजून सुरू व्हायची होती. मावशी भात ठेवत होत्या.

"मावशी, मी चुकलो," मी म्हणालो. "तुमचे कान जे म्हणत होते तेच खरं असणार. आज न सांगता जाऊ."

त्यांनी भाताचं पातेलं खाली उतरवलं. शेगडी बंद केली, पदर खोचला, चपला घातल्या. दाराला कडी घालायचंसुद्धा मलाच सांगावं लागलं. इंदापूर रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती आणि मोटारसायकल पुढे काढता येत नव्हती. मागे बसलेल्या मावशी माझा खांदा घट्ट धरून होत्या. दोन तासांच्या वाटेत एकदाच बोलल्या. "जरा दाबा की सर."

वस्ती दिसली तसं त्यांनी मला थांबवलं. गाडी बंद करायला लावली. आम्ही बागेच्या कडेकडेने घराच्या मागच्या अंगाला गेलो आणि डाळिंबाच्या झाडाआड उभे राहिलो. मला वाटलं होतं, काहीतरी भयंकर ऐकू येईल. आरडाओरडा, रडणं. तसलं काही आलं नाही. भांडी घासल्याचा आवाज येत होता. सासू फोनवर कुणाशी तरी हसून बोलत होती. कुणीतरी विचारलं, "पाणी भरलं का?" उत्तर नाही. थोड्या वेळाने पुरुषाचा आवाज, "ते कापड वाळत घातलं का?" उत्तर नाही. घागर ठेवल्याचा आवाज. माझ्या डोक्यावर माशा घोंघावत होत्या, पाय अवघडले होते, निघावं असं मला चारदा वाटलं. मावशी मात्र जागच्या हलल्या नाहीत. मी त्यांना इतकं स्थिर त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"अर्धा तास झाला," त्या हळूच म्हणाल्या. "सगळ्यांचं आवाज ऐकलं. माझ्या पोरीचा एकदाबी आला न्हाय."

मग त्या पुढच्या दाराने आत गेल्या. मी उंबऱ्याबाहेर थांबलो. मावशींनी भांडण केलं नाही. "चार दिस न्यायला आले," एवढंच म्हणाल्या. सासू म्हणाली, असं कसं, आधी सांगायचं तरी, आणि हितं कमी काय हाय तिला? नवरा जमिनीकडे बघत उभा होता. मावशींनी लेकीला विचारलं, "येतीस?" तिने मान हलवली. तिच्या हातात ओला फडका होता, तो तसाच घेऊन ती बाहेर आली. फाट्यावर मी दोघींना एसटीत बसवलं आणि मागून मोटारसायकलवर आलो. बारामती येईपर्यंत मी त्या बसच्या मागच्या काचेकडे बघत होतो.

कुणी हात उचलला नव्हता, हे नंतर मावशींकडून कळलं. पहिल्या महिन्यातच कॉलेजचं नाव काढायचं नाही असं ठरलं होतं. फोन सासूच्या हातात, काय बोलायचं तेही आधी ठरलेलं. हिला बोलायची खोड फार आहे, ती मोडली पाहिजे, असं त्या घराने मनावर घेतलं होतं. त्यांच्या दृष्टीने ते वळण लावणं होतं. ती मोडलीही होती.

लेक घरी आली तरी बोलत नव्हती. सांगितलं ते काम करायची, विचारलं तर हो किंवा नाही. मावशींनी टीव्ही बंद ठेवायला लावला. पोरांची कुरकुर झाली, तेव्हा वेल्डरने रिमोट खिशात घातला आणि कुणाला दिला नाही. आम्ही वीस माणसं मुकाट जेवायचो. आत कधी पीठ चाळल्याचा आवाज, कधी नळाचा. मावशी मध्येच काहीतरी बोलून बघायच्या, मालिकेतल्या कुणाबद्दल, शेजारणीबद्दल. पलीकडून काही यायचं नाही. मी मान खाली घालून जेवायचो. ते डाळिंब मी किती चवीने खाल्लं होतं ते मला आठवायचं.

चार दिवसांचे दोन आठवडे झाले. सासरहून दोनदा माणसं येऊन गेली आणि तशीच परत गेली. पुढे लेकीला दुसऱ्या गावात नर्सिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा मावशींनी मेस बंद केली आणि तिच्याबरोबर गेल्या. त्या खोल्यांमध्ये आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. भिंत पाडली आहे. पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते एका मंगळवारचं.

सात वाजून गेले होते. मावशींनी आमटीची पहिली ताटं सरकवली. मी भुरका मारला आणि थांबलो. मीठ मीठ झालं होतं. शेजारच्या पोराने माझ्याकडे पाहिलं, मी त्याला डोळ्यांनी दटावलं. मावशींचं चित्त थाऱ्यावर नव्हतं हे आम्हाला माहीत होतं, आणि कुणी काही बोलणार नव्हतं.

तेवढ्यात आतून आवाज आला.

"आई, मीठ दोनदा टाकलंस व्हय? चव तरी बघायची की गं. माणसं जेवत्यात तितं, जनावरं न्हायत."

मावशी खिडकीत होत्या, हातात वेल्डरचं ताट. ते तसंच राहिलं.

"आन् ह्ये पातेलं हितं कुणी ठिवलं? किती बारी सांगितलं, शेगडीच्या कडंला ठिवू नको म्हणून. फडकं बघ, फडक्याचा रंग बघ. मी नव्हते तर नुसता उकिरडा करून ठिवलायस."

आवाज आधी जरा घोगरा होता, न वापरलेल्या नळाला पाणी येतं तसा. मग मोकळा झाला. पिठाच्या डब्याचं झाकण निघालं, तांदळात खडे निघाले, आईच्या साडीचा काठ निघाला, सगळ्याचा हिशोब सुरू झाला. मावशींचा श्वास अडकलेला मला खिडकीतून दिसला. तोंडातून आवाज मात्र काही फुटला नाही.

"मावशी, ताट," वेल्डर हळूच म्हणाला.

"थांबा वाईच," मावशी म्हणाल्या. "बोलती ती."

वेल्डर हात खाली घेऊन बसला. आत बोलणं चाललंच होतं. आम्ही कुणी पाणी मागितलं नाही, कुणी वाटी बाजूला सारली नाही. तिचं बोलून होईपर्यंत ती खारट आमटी आम्ही सगळ्यांनी संपवली.